टर्बोवरचा पत्रा खडखडतोय, म्हणून काढून टाकायचा का?

गाडी सुरू केली की बॉनेटखालून पातळ पत्र्याची तडतड ऐकू येते. गॅरेजमध्ये फिटर हात घालतो, टर्बोवरचा उष्णता अडवणारा पत्रा हलवून दाखवतो आणि विचारतो, "काढून टाकू का साहेब? काही फरक पडत नाही." दोन-तीन बोल्ट सुटतात, आवाज थांबतो, बिलही होत नाही. असा पत्रा कोपऱ्यात पडलेला नाही असं गॅरेज सापडणं अवघड.

टर्बो नसलेल्या जुन्या पेट्रोल गाड्यांमध्ये हा सल्ला पुष्कळदा पचून जायचा. आता एक लिटरच्या तीन सिलिंडरच्या इंजिनालाही टर्बो असतो, आणि डिझेलला तर तो आधीपासूनच आहे. इंजिनाचा सगळ्यात तापणारा भाग वायरिंग, रबरी होज आणि प्लॅस्टिकच्या टाक्यांपासून वीतभर अंतरावर येऊन बसला आहे. त्यामुळे उत्तर सुरुवातीलाच देतो: काढू नका. खडखड बंद करायचे उपाय स्वस्त आहेत. ते पुढे येतीलच, पण आधी कारण समजून घ्या, नाहीतर पुढचा फिटर पुन्हा पटवेल.

## हा पत्रा असतो कुठे?

इंजिनातून जळून निघालेला धूर आधी मॅनिफोल्डमध्ये येतो. सगळ्या सिलिंडरांचा धूर एकत्र करणारा हा बिडाचा किंवा स्टीलचा भाग. तिथून तो टर्बोत शिरतो. टर्बोच्या एका अंगाला धुराने फिरणारी टर्बाइन असते, तर दुसऱ्या अंगाला तिच्याच दांड्यावर बसलेला, इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा म्हणजे कॉम्प्रेसर. टर्बाइनमधून सुटलेला धूर डाउनपाइपने खाली उतरतो आणि धुरातले घातक वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधून सायलेन्सरकडे जातो.

या वाटेवर जागोजागी पत्रे असतात. मॅनिफोल्डवर एक, टर्बाइनच्या घरावर एक, बऱ्याच गाड्यांत डाउनपाइपभोवती एक, आणि गाडीच्या तळाला सायलेन्सर व पेट्रोलच्या टाकीच्या मध्ये आणखी एक-दोन. यांनाच हीट शील्ड म्हणतात. साधी शील्ड म्हणजे ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेला स्टीलचा पत्रा. चांगल्या शील्डमध्ये दोन पातळ पत्रे आणि मध्ये उष्णतारोधक थर असतो. तळाची शील्ड बहुधा खवलेदार दाबलेल्या ॲल्युमिनियमची असते.

काही नव्या इंजिनांत मॅनिफोल्ड सिलिंडर हेडमध्येच ओतलेला असतो आणि त्याभोवती कूलंट खेळतं. पोलो, टायगुन, कुशाक यांमधलं एक लिटरचं टीएसआय इंजिन असंच आहे. तिथे मॅनिफोल्डची काळजी मिटली, पण टर्बाइनचं घर आणि डाउनपाइप बाहेरच आहेत. म्हणून त्यांच्यावर पत्रा आहेच.

## उष्णता किती, आणि ती पोचते कशी?

पूर्ण जोर लावलेल्या टर्बो पेट्रोल इंजिनात टर्बाइनमध्ये शिरणारा धूर ९०० ते १,००० अंश सेल्सिअस असू शकतो, डिझेलमध्ये साधारण ७०० ते ८५०. टर्बाइनचं घर बाहेरून त्यापेक्षा थंड असतं. तरी माणसं आणि सामान भरून आंबेनळीसारखा घाट चढताना ते ६००-७०० अंशांवर जाऊ शकतं, आणि अंधारात पाहिलं तर मंद लाल दिसतं.

ही उष्णता शेजाऱ्यांपर्यंत तीन वाटांनी जाते: धातूला धातू चिकटून, गरम हवेतून, आणि मधल्या हवेची गरज न लागता किरणांच्या रूपात. तिसऱ्या वाटेला प्रारण म्हणतात आणि सगळी गोम तिथे आहे. शेकोटीपुढे बसलं की तोंड भाजतं आणि पाठीला थंडी वाजते. समोर कुणी परात धरली की तोंडाचा चटका त्याच क्षणी थांबतो. हवा तितकीच गार किंवा गरम असते, अडले ते फक्त किरण.

प्रारणाचा नियम क्रूर आहे. ते निरपेक्ष तापमानाच्या, म्हणजे सेल्सिअसमध्ये २७३ मिळवून येणाऱ्या आकड्याच्या, चौथ्या घाताने वाढतं. मॅनिफोल्ड ३०० वरून ६०० अंशांवर गेला की त्यातून फेकली जाणारी उष्णता दुप्पट होत नाही, पाचपटीहून जास्त होते. दहा सेंटिमीटर लांब-रुंद, गंजलेल्या बिडाचा ७०० अंशांवरचा तुकडा एकटाच सुमारे साडेचारशे वॅट उष्णता किरणांनी बाहेर टाकतो. शहरात ऑफिसला जाता-येता न जाणवलेली गोष्ट घाटात एकदम अंगावर येते ती यामुळे.

मध्ये एक पत्रा आला की काय होतं? तो पूर्ण काळा पडलेला, गंजका असला तरी गणिताने प्रारण निम्म्यावर येतं, कारण शेजाऱ्याला आता बिडाऐवजी बराच थंड पत्रा 'दिसतो'. चकचकीत असेल तर पलीकडे पोचणारा हिस्सा दहाव्या भागाच्या आसपास उतरू शकतो. पण हे मध्ये फट असेल तरच घडतं, म्हणून पत्रा आणि मॅनिफोल्ड यांच्यामधली सेंटिमीटरभर जागा ही पत्र्याइतकीच महत्त्वाची आहे. आवाज थांबवायला पत्रा ठोकून मॅनिफोल्डला टेकवला, की उष्णता पहिल्या वाटेने, धातूतून धातूत, थेट त्याच्यात शिरते आणि पत्रा निम्मा निरुपयोगी होतो.

## "पण उघडं ठेवलं तर टर्बो थंड राहील ना?"

यात अर्धं खरं आहे, म्हणूनच हा समज टिकून आहे. पत्रा काढला तर टर्बाइनचं घर थोडं थंड होईल. पण त्या घराला थंड व्हायची गरजच नसते. ते उच्च तापमान सोसणाऱ्या मिश्रधातूचं, लाल होऊनही टिकायला बनवलेलं असतं. टर्बोत जपायचा भाग मधला, बेअरिंगचा. त्याला थंड ठेवतात इंजिन ऑइल आणि बहुतेक पेट्रोल टर्बोंमध्ये कूलंट, बाहेरची हवा नव्हे. घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता अर्धा-एक मिनिट आयडलवर ठेवलं तर बेअरिंगमधल्या तेलाचा कोळसा होणं टळतं. पत्रा काढण्यापेक्षा टर्बोचं त्यात कितीतरी जास्त भलं आहे.

शिवाय टर्बाइन चालते ती धुरातल्या उष्णतेवरच. धूर ९०० ऐवजी ८५० अंशांवर टर्बाइनपाशी पोचला तर त्यातून मिळू शकणारी ताकद सुमारे चार टक्क्यांनी घटते. उष्णता धुरात राहिली तर फायदा, बॉनेटखाली सांडली तर तोटा.

आणि सांडलेली उष्णता पुन्हा इंजिनातच येते. हवेचा पाइप, एअर फिल्टरचा डबा आणि कॉम्प्रेसरचं घर तापलं की आत जाणारी हवा विरळ होते. तीन अंश वाढले की हवेची घनता साधारण एक टक्क्याने कमी होते. इंटरकूलर, म्हणजे इंजिनात जाणारी दाबलेली हवा गार करणारी जाळी, त्यातलं काही भरून काढतो, सगळं नाही. उरलेली वाढ पाहून इंजिनाचा संगणक ठिणगीची वेळ मागे ओढतो, म्हणजे ताकद कमी करतो. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असताना त्यात आणखी भर कशाला घालायची?

## काढल्यावर काय बिघडतं?

पहिल्या दिवशी काहीच नाही, पहिल्या महिन्यातही बहुधा नाही. म्हणूनच "मी दोन वर्षं तसाच फिरतोय" असं सांगणारे भेटतात. रबर आणि प्लॅस्टिक उष्णतेने एकदम वितळत नाहीत, आधी वाळतात, कडक होतात, आणि मग एका साध्या धक्क्याने तुटतात.

साध्या पीव्हीसी वायरीचं आवरण १०५ अंशांपर्यंत टिकतं, गाड्यांमधली चांगल्या प्रतीची वायर १२५ अंशांपर्यंत. कूलंटचे ईपीडीएम रबराचे होज साधारण १२५ ते १५० अंश सोसतात. ६०० अंशांवरचा उघडा बिडाचा भाग समोर आला तर या मर्यादा ओलांडायला फार वेळ लागत नाही.

सगळ्यात आधी बळी जातो ऑक्सिजन सेन्सरच्या वायरीचा, कारण ती डाउनपाइपलाच लागून असते. आवरण फाटून वायर धातूला टेकते, चेक इंजिनचा दिवा लागतो, आणि गॅरेजवाला नवा सेन्सर बसवतो. काही महिन्यांनी तोही जातो. सेन्सरला दोष देण्याआधी त्याच्या शेजारचा पत्रा जागेवर आहे का, हे कुणी पाहत नाही.

मग येतात कॉइल आणि सेन्सरांचे कनेक्टर, ज्यांचं प्लॅस्टिक इतकं ठिसूळ होतं की सर्व्हिसिंगला काढताना हातात तुकडे येतात. टर्बोचा दाब आवरणारी वेस्टगेटची झडप हलवणारा ॲक्चुएटर टर्बोवरच बसलेला असतो. त्यातला रबरी पडदा किंवा इलेक्ट्रॉनिक पट्टी भाजली की गाडी मध्येच ताकद सोडते, आणि अनेकदा दुरुस्तीत अख्खा टर्बो बदलावा लागतो. एसीचा परतीचा पाइप तापला की केबिन गार व्हायला वेळ लागतो. तिथे गॅस भरून काही होत नाही.

ब्रेक आणि क्लचच्या तेलाचा प्रश्न जास्त गंभीर. डॉट ४ प्रतीचं ताजं तेल किमान २३० अंशांवर उकळतं, पण ते हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि ओलावा मुरलेल्या तेलासाठी प्रमाण फक्त १५५ अंशांचं आहे. फायरवॉलवरून, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या भिंतीवरून, उतरणारी क्लच किंवा ब्रेकची नळी उघड्या टर्बोसमोर आली, तर घाटातल्या वाहतूककोंडीत, हवा खेळत नसताना, नळीत वाफ धरू शकते. मग पेडल पोकळ लागतं.

खाली ॲक्सलचं आणि स्टिअरिंग रॅकचं रबरी बूट असतं. ते तडकलं की आतलं ग्रीस बाहेर उडतं आणि नेमकं गरम पाइपवर पडतं.

## आगीची भीती खरी की बागुलबुवा?

एकटा पत्रा काढल्याने गाडी पेटत नाही. आगीला दुसरं काहीतरी लागतं: व्हॉल्व्ह कव्हरच्या गॅसकेटमधून झिरपणारं ऑइल, टर्बोच्या तेलनळीची ढिली जोडणी, कडक होऊन तडकलेला इंधनाचा पाइप, इंजिनावर विसरलेलं फडकं, किंवा उंदराने जमवलेला कागद-कापूस. शेवटचं कारण हसण्यावारी नेऊ नका. आपल्याकडे पावसाळ्यात आणि थंडीत उंदीर उबेला बॉनेटखालीच येतात. पत्रा जागेवर असेल तर हे सगळं त्याच्यावर पडतं, धुमसतं, वास येतो, तुम्हाला कळतं. नसेल तर ते थेट टर्बाइनच्या घरावर पडतं. सांडलेलं तेल उघड्या हवेत पेटायला प्रयोगशाळेतल्या आकड्यापेक्षा बरंच जास्त तापमान लागतं हे खरं, पण लाल झालेला टर्बो तेवढं सहज पुरवतो.

तळाच्या पत्र्यांबाबत मात्र वादच नको. पुष्कळ गाड्यांची इंधनाची टाकी ज्या प्लॅस्टिकची असते, ते १३० अंशांच्या आसपास वितळतं. टाकी आणि सायलेन्सर यांच्यातला पत्रा सुटला असेल तर गाडी तशी चालवण्यासारखी नाही. बीएस६ डिझेल गाड्यांत काजळी गाळणारा फिल्टर असतो आणि तो स्वतःला साफ करताना आतली काजळी साधारण ६०० अंशांवर जाळतो. अशा वेळी मार्च-एप्रिलमधल्या वाळक्या गवतावर गाडी लावणं पत्रा असतानाही धोक्याचं, आणि नसताना मूर्खपणाचं.

विम्याचंही एक आहे. आग लागून दावा केला की सर्व्हेअर कारण शोधतो. मूळ भाग काढून टाकलेला आढळला तर वादाला आयतं तोंड मिळतं.

## "रेसच्या गाड्यांना कुठे पत्रे असतात?"

पत्रे नसतील, पण उघडं काही नसतं. तिथे टर्बाइनवर उष्णतारोधक ब्लँकेट असतं, मॅनिफोल्डवर सिरॅमिकचा थर असतो, वायरींवर परावर्तक आवरण असतं, आणि गाडी शर्यतीनंतर उघडून तपासली जाते. रस्त्यावरच्या गाड्यांतही उष्णता परतवण्यासाठी माणसं कुठवर जातात याचा नमुना म्हणजे १९९० च्या दशकातली मॅक्लारेन एफ१: इंजिनाच्या कप्प्याला आतून सोन्याचा वर्ख लावला होता, कारण सोनं हे किरण उत्तम परतवतं.

उलट बाजूने विचार करा. गाडी बनवणाऱ्या कंपन्या एका क्लिपमागचे पैसे वाचवायला महिनोन्महिने खल करतात. त्यांनी प्रत्येक गाडीवर बोल्ट लावून पत्रा बसवला असेल तर तो शोभेला नाही. आणि काढून वाचणारं वजन काहीशे ग्रॅमचं असतं. डिकीतली पाण्याची बाटली काढलीत तर जास्त वाचेल.

## पत्र्याऐवजी रॅप गुंडाळला तर?

रॅप म्हणजे पाइपभोवती गुंडाळायची काचतंतूंची पट्टी. ती उष्णता खरोखर आत ठेवते, पण हवेची फट राहत नसल्याने आतला धातू जास्त तापतो. त्यातच ती पाणी शोषून धरते. कोकणात किंवा गोव्यात, खारट दमट हवेत, साध्या स्टीलचा डाउनपाइप रॅपच्या आतून कुजतो आणि बाहेरून काही दिसत नाही. इंजिनाचं तेल तिच्यात मुरलं तर तीच वात होते. रोजच्या गाडीला मी रॅप सुचवणार नाही.

टर्बो ब्लँकेट जरा बरं, पण ते फक्त टर्बाइनच्या घरावर. मधल्या बेअरिंगच्या भागावर किंवा कॉम्प्रेसरवर आलं तर जे थंड राहायला हवं तेच तापवाल.

## खडखड बंद कशी करायची?

आधी आवाज पत्र्याचाच आहे याची खात्री करा. थंड इंजिन सुरू केल्यावर तडतड आणि गरम झाल्यावर गायब, किंवा ठराविक आरपीएमलाच येणारी झणझण, ही पत्र्याची लक्षणं. इंजिन बंद करून किमान दोन-तीन तास निवू द्या, जाड हातमोजे घाला (कडा ब्लेडसारख्या असतात) आणि प्रत्येक पत्रा लाकडी दांड्याने हलकेच ठोका. सैल पत्रा लगेच बोलतो. तळाचं काम असेल तर गाडी रॅम्पवर किंवा पक्क्या स्टँडवर हवी, नुसत्या जॅकवर नको.

बहुतेक वेळा पत्रा धडधाकट असतो; गेलेली असते ती बोल्टची जागा. भोवतीचा पत्रा गंजून भोक मोठं होतं आणि बोल्टचं डोकं त्यातून आरपार जातं. उपाय म्हणजे २५ मिलिमीटर बाहेरील व्यासाचा स्टेनलेसचा मोठा वॉशर. बोल्ट सहसा एम६ असतात, म्हणजे दहाचा पाना. आदल्या रात्री त्यांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, आणि सोडवताना थेट जोर न लावता पाव फेरा आवळा, पाव फेरा सोडा, असं करत या. बिडात तुटलेला बोल्ट काढणं हे पत्र्याच्या दसपट काम आहे. बसवताना आट्यांवर निकेल किंवा तांब्याची अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा, कारण साधं ग्रीस जळून जातं. एम६ ला ८ ते १० न्यूटन-मीटर पुरतात. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर तोच घ्या.

काही शील्डच्या बोल्टखाली तारेच्या जाळीचा किंवा स्प्रिंगसारखा वॉशर असतो. तो कंपनं अडवायला मुद्दाम दिलेला आहे. फिटरने तो कचरा समजून फेकला तर कितीही आवळा, पत्रा एकतर वाजेल किंवा बोल्टपाशी तडकेल.

डाउनपाइपवरच्या नळीसारख्या शील्डला स्टेनलेसची स्क्रूवाली होज क्लिप उत्तम, दोन्ही टोकांना एकेक. आवाज थांबेल इतपतच आवळा, फट दाबू नका.

काय वापरू नये तेही सांगतो. प्लॅस्टिकचा केबल टाय पहिल्याच फेरीत वितळतो. ॲल्युमिनियमचे रिव्हेट टर्बाइनजवळ टिकत नाहीत, कारण हा धातू ६६० अंशांवर वितळतो आणि त्याच्या खूप आधी मऊ पडतो. सिलिकॉन सीलंटची वाफ ऑक्सिजन सेन्सर निकामी करू शकते. आणि पत्र्याच्या दुकानातून आणलेला जीआय पत्रा अजिबात नको: त्यावरचं जस्त ४१९ अंशांवर वितळतं आणि त्याचा धूर घातक असतो. चिकटवायचा मोह होत असेल तर फेरारी ४५८ इटालिया आठवा. २०१० मध्ये मागच्या चाकाच्या कमानीत हीट शील्डजवळ वापरलेला गोंद तापून गाड्या पेटल्या, कंपनीला त्या परत बोलवाव्या लागल्या आणि गोंदाऐवजी रिव्हेट मारावे लागले.

पत्रा कुजून जाळी झाला असेल तर नवा मूळ भागच मागवा. आणि टर्बो किंवा सेन्सरचं काम करून गाडी परत घेताना पत्रे व बोल्ट मोजून घ्या. चारपैकी दोनच बोल्ट परत लागणं ही पुढच्या खडखडीची सुरुवात.

## मोजून बघायचं असेल तर

इन्फ्रारेड गनने चकचकीत पत्रा मोजलात तर आकडा फसवा कमी येतो, कारण गनला पत्र्याची नव्हे, त्यात परावर्तित झालेल्या आजूबाजूची उष्णता दिसते. उष्णता सोसणाऱ्या काळ्या मॅट रंगाचा ठिपका देऊन तिथे मोजा. त्याहून उपयोगी म्हणजे ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या संगणकाचे आकडे दाखवणारं उपकरण) आत जाणाऱ्या हवेचं तापमान, त्याच रस्त्यावर, तशाच हवेत, दुरुस्तीआधी आणि दुरुस्तीनंतर.

## वाटेतच पत्रा लोंबू लागला तर

गाडी गवतापासून दूर, डांबरावर किंवा मातीवर थांबवा. निवू द्या. लोंबणारा भाग ड्राइव्ह शाफ्टला किंवा टायरला लागत असेल तर काढून डिकीत टाका, फेकू नका, तोच परत बसू शकतो. मॅनिफोल्डचा किंवा टर्बोचा पत्रा असेल तर कमी आरपीएमवर, जोर न लावता, जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येईल. जळक्या रबराचा वास आला की थांबायचं. टाकीजवळचा पत्रा असेल तर टोइंगवाल्याला फोन करा.